अंबूबाईच्या पाच कामगारणी

पोलादपूरच्या वरल्या वाडीत अंबूबाईच्या पापड-उद्योगाची आज सरकारी पाहणी होती. अनुदानाच्या अर्जात कामगार पाच लिहिले होते. लाटणारी ती एकटीच. म्हणून तिनं हातापाया पडून पाच शेजारणींना तासाभरासाठी आणून बसवलं.

साहेबांनी विचारलं, "पाच बायका आणि लाटणं एकच?"

"आळीपाळीनं लाटतात, साहेब."

साहेब गालात हसले. "मंजूर. पण मी न सांगता कधीही येईन. पाचही जणी रोज इथंच दिसल्या पाहिजेत!"

जीप उतरणीला लागताच अंबूबाईनं कपाळावर हात मारला. "मेले गो! रोज कुठून आणू पाच जणी?"

पाचांतली धाकटी माधुरी टाळ्या पिटत नाचायलाच लागली. "रडतेस काय गो? सासू घराभायेर पाय टाकू देत नाय. आता सांगेन, सरकारचा हुकूम हाय!"