ओरखडाही नाही

बुधूच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता आणि डॉ. स्वरूप यांना नेमके तेच खटकले.

वैशाखरे गावाजवळ पिकअप मोरीच्या कठड्यावर आदळली होती. मागे लादलेला पत्रा केबिनमध्ये घुसून गाडीमालक धर्माशेठ यांची मांडी चिरत गेला. गाडी चालवत होता बुधू. आपल्या पंचाने शेठची मांडी करकचून आवळून त्याने त्यांना मागून आलेल्या जीपमधून दवाखान्यात आणले, असे तो सांगत होता.

डॉक्टरांचे हात चपळ होते. रक्त थांबले, सलाईन लागले, कल्याणला रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायला सांगून झाले. डोळे मात्र कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या बुधूवर होते. माणसे पारखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा त्यांचा समज होता.

दोन्ही हात सदऱ्याखाली पोटाशी दाबलेले. पंख्याखाली बसूनही कपाळावर घाम. सारखे पाणी मागणे. अपघाताचे विचारले की एका उत्तराचा दुसऱ्याशी मेळ नाही. उठला तर पाय लटपटले. दारूचा वास येत नव्हता. पण माणूस डोंगरातल्या वाडीचा असला की डॉक्टरांना वासाची गरज भासत नसे.

"सदऱ्यात काय दडवलंयस?"

"काय नाय, साहेब."

धावत आलेल्या शेठच्या बायकोने, कमळताईंनी, भर घातली: गेल्याच आठवड्यात मालकांनी याला चारचौघांत झापले होते.

मुरबाडहून रुग्णवाहिका आली. शेठना आत चढवताना बुधू भिंत धरत दारापर्यंत आला.

"साहेब, मला पन कल्याणला धाडा."

डॉक्टर हसले. पळून जायलाही याला सरकारी गाडी हवी होती.

"पोलीस येईपर्यंत तू इथून हलायचं नाहीस."

बुधूने हुज्जत घातली नाही. "शेठ वाचंल ना?" एवढेच विचारून तो बाकावर परतला. कमळताई नवऱ्याच्या उशाशी बसल्या. रुग्णवाहिकेतला समोरचा बाक रिकामाच गेला.

हवालदार आले तेव्हा बुधूला डोळा लागला होता. अशा लोकांना झोप तरी कशी येते, हे कोडे डॉक्टरांना कधीच सुटले नव्हते.

"हात काढ," हवालदारांनी दरडावून मनगट ओढले. हात निमूट सुटला आणि खाली लोंबत राहिला.

डॉक्टरांनी स्वतःच सदरा वर केला.

आत काहीही दडवलेले नव्हते. तट्ट फुगलेल्या पोटावर स्टिअरिंगचा काळानिळा अर्धगोल तेवढा उमटला होता, सरकारी शिक्क्यासारखा स्वच्छ.