साडेदहाची घंटा

ओहोळावरच्या साकवावरून तेरा मुलं पळत होती आणि त्यांच्या मागून धापा टाकत बाबली.

"सावकास रे. एक जरी व्हाळात पडलो तर आंकडो कमी जातलो."

आज सगळं त्या आकड्यावर होतं. वरच्या वाड्याच्या शाळेत मुलं सात, ओहोळापलीकडे खालच्या वाड्याच्या शाळेत सहा. दहाच्या आत मुलं असलेल्या शाळा एकत्र करायच्या, दोन्ही वाड्यांना मिळून एकच प्राथमिक शाळा ठेवायची आणि पुढे सगळ्यांनी हायस्कुलात जायचं, असं वरून पत्र आलं होतं. भागशिक्षणाधिकारी विनिता मॅडम आज मुलं मोजायला आल्या होत्या. नऊ वाजता वरच्या वाड्यावर त्यांनी तेरा मोजली होती. आता त्यांची जीप रस्त्याने पाच किलोमीटरचा वळसा घालून खालच्या वाड्याकडे निघाली होती. साकवावरून तेच अंतर दहा मिनिटांचं.

शिगम्याच्या मिरवणुकीत कुणाचा ढोल पुढे चालायचा, या भांडणावरून हे दोन वाडे गेली अकरा वर्षं एकमेकांच्या लग्नालाही जात नव्हते. पण शाळेवर गदा आल्यावर वरच्या वाड्याच्या पालक संघाचा अध्यक्ष बाबली मुकाट्याने ओहोळ ओलांडून खालच्या वाड्याच्या अध्यक्षाकडे, सगुणकडे गेला. सगुणने बस म्हटलं नाही, बाबली बसला नाही. उभ्याउभ्याच ठरलं. नऊला तुमची सहा आमच्याकडे, दहाला आमची सात तुमच्याकडे. शिवाय दोघांनी मिळून एक अर्जही लिहिला. इतक्या वर्षांत दोन्ही वाड्यांच्या सह्या पहिल्यांदा एका कागदावर आल्या, त्याही आम्हाला एकत्र करू नका, हे सांगायला.

खरं सांगायचं तर बाबलीला काळजी शाळेपेक्षा घंटेची होती. खाण चालू होती तेव्हा पाळी बदलायचा भोंगा तो वाजवत असे. खाण बंद पडली आणि त्याचे हात रिकामे झाले. मग त्याने खाणीतली रुळाची एक पट्टी आणून शाळेच्या व्हरांड्यात टांगली आणि तेव्हापासून आठाची, साडेदहाची आणि सुटायची घंटा तोच देत आला. पगार नाही, पण मान होता. आधी तीन टोले, मग थोडं थांबून दोन. रविवारी त्याला धड जेवण जात नसे. शाळा गेली तर उरलेलं आयुष्य सगळे रविवारच, या विचाराने तो आतून पार खचला होता.

खालच्या शाळेवर त्याचा राग होता तोही घंटेवरूनच. तिथली साडेदहाची घंटा चौथीतलं कुणीतरी मूल द्यायचं आणि ती रोज दोन मिनिटं उशिरा व्हायची. ओहोळापलीकडून ती ऐकू आली की बाबलीचं डोकं फिरत असे.

खालच्या शाळेत पोचताच तिथल्या महेश सरांनी मुलींच्या लाल रिबिनी काढून निळ्या बांधल्या. मुलग्यांचे भांग उजवीकडून डावीकडे गेले. सकाळी पहिल्या बाकावर बसलेला जाडा प्रज्योत आता शेवटच्या बाकावर गेला. बाबलीला मॅडमनी सकाळी वरच्या शाळेत घंटेजवळ पाहिलं होतं, म्हणून त्याने स्वयंपाकाच्या खोलीत भांड्यांच्या मागे लपून राहायचं आणि काही झालं तरी बाहेर यायचं नाही, असं सगुणने बजावलं होतं.

मॅडम आल्या. त्यांनी मुलं मोजली.

"इथेही तेरा," असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं. सगुणची छाती फुगली. मग मॅडमनी एक कविता म्हणायला सांगितली. दोन्ही वाड्यांच्या मुलांनी ती एका सुरात म्हटली. सकाळपासून दुसऱ्यांदा म्हणत असल्यामुळे ती फारच चांगली झाली.

भांड्यांमागून बाबलीला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. साडेदहा वाजले. कुणी हललं नाही. मॅडमच्या समोरून उठायची कुणाची छाती नव्हती. साडेदहा वाजून एक मिनिट झालं. बाबलीने मांडी घट्ट धरून ठेवली. डोळे मिटून पाहिले. दुसऱ्या मिनिटाला मात्र तो उठला, मॅडमच्या पाठीमागून व्हरांड्यात गेला आणि त्याने लोखंडी दांडा उचलला.

तीन टोले. मग थोडं थांबून दोन.

मुलं सवयीने बाहेर धावली. महेश सरांनी कपाळाला हात लावला. सगुण बाबलीकडे असा पाहत होता की शिगम्याचं भांडण त्यापुढे काहीच नव्हतं. दांडा हातात धरून बाबली जागच्या जागी उभा राहिला. आपण काय करून बसलो हे त्याला आत्ता कळलं.

मॅडम सावकाश बाहेर आल्या. अंगणात दोन्ही वाड्यांची मुलं एकमेकांना पकडत धावत होती. कोण कुठल्या वाड्याचं ते कळत नव्हतं. मॅडमनी फायलीतून अर्ज काढला आणि मोठ्याने वाचला.

"एक, अंतर पाच किलोमीटर असल्याने मुलांना ये-जा करणे अशक्य. दोन, साकव धोक्याचा. तीन, दोन्ही वाड्यांची मुले एकमेकांत मिसळत नाहीत." त्यांनी अंगणाकडे पाहिलं, अर्जाची घडी घातली आणि सगुणच्या हातात परत दिली. "तुमच्या तिन्ही मुद्द्यांची उत्तरं तुम्हीच आज दिलीत. आता मला वेगळं काही लिहायला नको."

सगुणने अर्ज खिशात घातला. बाबलीने दांडा खाली ठेवला.

"मॅडम, मगे घांट खंयच्या वाड्याची ऱ्हवतली?"

"शाळा कुठल्याही वाड्यावर राहू दे, बाबलीबाब," मॅडम जीपकडे निघाल्या. "घंटा द्यायला तुम्ही दोन्हीकडे पोचता, ते मी आज पाहिलं."