न बांधलेल्या घरातला खोकला

वाघोलीच्या त्या इमारतीचा पाया अजून खणायचा होता. तिच्या वेबसाइटसाठी स्पृहा खराडीच्या ऑफिसात बसून घर आतून फिरवून दाखवणारी फिल्म बनवत होती. भिंती, पडदे, खिडकीतलं ऊन, सगळं तिनेच सॉफ्टवेअरमध्ये उभं केलेलं. त्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिने आणि तिच्या नवऱ्याने, सलिलने, स्वतःसाठीच बुक केला होता.

जेवणानंतर शेजारच्या टेबलावरचा सौमित्र वळून म्हणाला, "अगं, घरं विकायची आहेत ना? मग हा खोकला कशाला टाकलास?"

फिल्मला आवाज जोडलेलाच नव्हता. तिने स्पीकरला कान लावला. आतल्या खोलीत कुणीतरी खोल, थकलेलं खोकत होतं.

तिने ती खोलीच पुसून टाकली आणि नव्याने उभी केली. खोकला गेला नाही. फक्त आता तो बंद दाराआडून येऊ लागला. उठून चहाला जावं असं तिला सारखं वाटत होतं, पण हात माउसवरून निघत नव्हता.

शेवटी तिने कॅमेरा दारापाशी नेला आणि दार उघडलं.

खोली रिकामी होती. पलंगावर तिने घातलेली चादर तशीच होती, एकही सुरकुती नव्हती. खोकला थांबला. मग पलंगाजवळून एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "सलिल, डोळे मीट. घाबरू नकोस. ती नुसती बघते आणि जाते."

सौमित्रने आपली खुर्ची हळूच मागे सरकवली.

"स्पृहा," तो म्हणाला, "हा तुझा आवाज आहे."