पंच क्रमांक दोन

"तोडू नका, उघडतो," किल्लीवाला म्हणाला आणि हवालदाराने उगारलेली हातोडी त्याने अलगद बाजूला केली.

हवालदाराला बरंच वाटलं. तीन जिने चढून त्याला धाप लागली होती आणि हे काम मुळातच त्याला आवडलेलं नव्हतं. हुकूम मॅजिस्ट्रेटचा होता: भाडेकरू दांडगाई करतो, शेजाऱ्यांच्या जिवाला धोका आहे, खोली ताबडतोब रिकामी करून कुलूप लावा. आणि हा हुकूम निघाला होता हवालदाराच्याच अहवालावर. 'नोटीस द्यायला तीनदा गेलो, भाडेकरू फरार आहे.' तीनदा सोडा, गडी एकदाही हे जिने चढला नव्हता. घरमालकाची साहेबांकडे ऊठबस. साहेबांनी सांगितलं, याने लिहिलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

घरमालक आज फिरकला नव्हता. नामानिराळं राहणं त्याला छान जमायचं. शेजाऱ्यांनीही पोलीस बघून दारं लावून घेतली. कोपऱ्यावर पेटी मांडून बसलेला हा म्हातारा किल्लीवाला दिसला, म्हणून हवालदार त्याला वर घेऊन आला होता.

म्हाताऱ्याने चष्मा लावून आधी हुकूम वाचला, सावकाश, दोनदा. मग हवालदाराकडे पाठ करून दाराशी वाकला. मिनिटभरात कुलूप हातात.

"काका, हात चांगलाच बसलाय तुमचा."

"जुनं कुलूप आहे. सवयीचं."

आत शिरताना चौकट हवालदाराच्या कपाळावर सणकून बसली. किल्लीवाला आधीच वाकला होता.

खोली लहान, पण लख्ख. एक खाट, स्टोव्ह, दोन ताटं, भिंतीवर एका बाईचा फोटो, खिडकीत कुंडी. दांडगाई करणाऱ्याची खोली अशी असेल असं हवालदाराला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला लाज वाटली. किल्लीवाल्याने तांब्यातलं पाणी कुंडीत ओतलं.

सामान जिन्यात आलं. नवं कुलूप लागलं. आता पंचनामा. पंच क्रमांक एक ठरलेला होता: ठाण्यासमोरचा चहावाला. गावातल्या निम्म्या गुन्ह्यांचा तो साक्षीदार होता आणि एकाही जागी गेलेला नव्हता. दुसरा पंच मात्र हवा होता.

"काका, पंच म्हणून सही करता का?"

"करतो. पण सगळं लिहा. तो फोटोसुद्धा. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, इथे कोणी राहतच नव्हतं."

हवालदाराने लिहिलं. फोटो एक, ताटं दोन, कुंडी एक. शेवटी नेहमीचं वाक्य: भाडेकरू हजर नाही, ठावठिकाणा लागत नाही. म्हाताऱ्याने तेही वाचलं, मान हलवली आणि ठसठशीत अक्षरात नाव-पत्ता घालून सही केली. मजुरी नको म्हणाला, एक प्रत तेवढी मागितली. फुकटात काम झालेलं कोणाला नको असतं? हवालदाराने कार्बनची प्रत फाडून दिली. पंचाची सही त्याने तीस वर्षांत कधी वाचली नव्हती, त्या दिवशीही वाचली नाही.

तीन आठवड्यांनी वरच्या कोर्टात बोलावणं आलं. भाडेकरूने वकील गाठून हुकमाला आव्हान दिलं होतं. खोली त्याला परत मिळते की कायमची जाते, हे आता हवालदाराच्या जबानीवर होतं. पिंजऱ्यात चढताना मागच्या बाकावर त्याला किल्लीवाला दिसला. बिचाऱ्याला आपल्यापायी हेलपाटा, असं वाटून त्याने ओळखीचं हसूही दिलं.

"भाडेकरूला तुम्ही कधी पाहिलंत?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही. त्या दिवशीही तो तिथे नव्हता. फरारच होता." शपथेवर सांगितलं त्याने, न अडखळता.

बाईंनी पंचनाम्याची प्रत त्याच्या हातात दिली. शेवटचा भाग वाचा म्हणाल्या. त्याला तो पाठच होता. भाडेकरू हजर नाही, ठावठिकाणा लागत नाही.

"आता खालच्या सह्या."

चहावाल्याचं नाव त्याने खणखणीत वाचलं. मग पंच क्रमांक दोन, असं म्हणून तो थांबला. कागद जवळ धरला, लांब धरला.

"मोठ्याने वाचा," न्यायाधीश म्हणाले.

हवालदाराने घसा खाकरला. ज्याला फरार म्हणून त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, तेच नाव त्याने वाचलं.

मागच्या बाकावरून किल्लीवाला उठून उभा राहिला.

"हजर," तो म्हणाला.