स्कूबाचा पहिला धडा

लालबागची मिल पाडून टॉवर झाला, तेव्हा टॉवरवाल्यांनी जुन्या कामगारांचा सत्कार ठेवला: शाल, नारळ आणि टॉवरच्या तलावात, पाठीला हवेची टाकी बांधून, स्कूबाचा एक धडा.

पंचाहत्तरीचे कुशाबा शिकवणाऱ्या पोरीला विचारू लागले, "बाय, मला पोहता येत नाय. चालंल?"

"चालेल, आजोबा."

"कवळी काढू?"

"राहू द्या, नळी दातांत धरायचीय."

"खाली बोलता येतं?"

"अजिबात नाही."

"मग झकास," म्हणत कुशाबांनी शेजारी उभ्या भिवाकडे पाठ केली. मिलच्या संपात भिवा संप मोडून गेटातून आत कामावर गेला, तेव्हापासून पंचवीस वर्षं दोघांत अवाक्षर नव्हतं.

पण पांडुरंगाची लीला पाहा. तळाशी गेल्यावर भिवाचे हात हलले. मिलमध्ये मागांच्या खडखडाटात विणकर असेच हातांनी बोलायचे. भिवा विचारत होता, "जेवलास?" कुशाबांचे हात नको नको म्हणताना उत्तर देऊन बसले.

वर आल्यावर दोघे पुन्हा मुके.

"आणखी काही शंका?" पोरीने विचारलं.

"एकच," कुशाबा भिवाकडे न बघता म्हणाले. "ही टाकी अर्ध्या तासात संपली. याच्याहून मोठी नाय का, बाय? अजून भांडण मिटायचंय."