सातवे राज्य

सकाळचे ऊन स्टाफरूमच्या गजांतून सावकाश आत आले. आधी टेबलावरच्या खडूच्या धुळीवर, मग गार झालेल्या चहावर आणि शेवटी भिंतीवरच्या अमेरिकेच्या नकाशावर येऊन रेंगाळले.

नकाशा संख्याशास्त्राच्या सुश्रुतचा होता. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत काठावरची सात राज्ये काय करतील, हे त्याने त्यावर लिहिले होते. सहा राज्यांत विरोधी पक्ष जिंकेल. मिशिगन मात्र पक्ष बदलणार नाही. वास्तविक मिशिगनही बदलेल असेच त्याचे गणित सांगत होते. पण तिथे मृण्मयी शिकायला गेली होती आणि परत येऊन त्याच्याशी लग्न करणार होती. त्याने गणित खोडले. त्यावर ग्रंथपाल कुमुदताईंनी मिशिगन बदलणारच म्हणत पैज लावली: हरेल त्याने साऱ्या स्टाफला मिसळ द्यायची.

निकाल आला. सहा राज्ये बरोबर निघाली. मिशिगनने पक्ष बदलला.

"मिसळ!" सगळे ओरडले.

"ताई, तुमचे सूत्र तरी कोणते?" सुश्रुतने हिरमुसून विचारले.

"कसलं सूत्र, सर! आम्ही घरात चार जावा. भांडते ती कुठ्ठे जात नाही. गप्प झाली, की तिनं वेगळी चूल मांडलीच म्हणून समजा. टीव्हीवर तुमचे मिशिगनवाले आधी तावातावानं भांडत होते, शेवटी शेवटी अगदी गप्प!"

"सर, तर्री जास्त सांगा!" कुणीतरी म्हणाले.

सुश्रुत उन्हातल्या नकाशाकडे पाहत राहिला. मृण्मयीने आठ महिन्यांत त्याच्या एकाही पत्राला उत्तर दिले नव्हते.