एक वाक्य, एक घोट

कडू कॉफीचा कप अबू रकानच्या हातात आला, तसा त्याने तो न पिता पुढ्यात ठेवला. लग्नाच्या बोलणीची बैठक होती. मुलीकडचे हो म्हणेपर्यंत मागणी घालणाऱ्याने या कपाला ओठ लावायचा नसतो. आधीच प्याला तर मागणी सोडून दिली असा अर्थ होतो, हे जॉर्डनच्या या इर्बिद शहरातलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि मागणी घालणार कोण, तर अबू रकान! भाजीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस. टोमॅटोची अख्खी गाडी एका दमात विकून मोकळा व्हायचा. घरचे म्हणाले होते, एखादा डॉक्टर बोलावू या, एखादा खासदार बोलावू या, चार शब्द नीट बोलेल. पण पुतण्या ऐहम हटून बसला होता, "बाबा नाहीत, तर माझ्यासाठी माझा काकाच बोलेल." समोर मुलीचे आजोबा, हाज्जी मुतलक, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आधी आलेली एक मंडळी त्यांनी तशीच परत पाठवली होती. "बोलणाऱ्याला बहुतेक बस पकडायची होती," एवढंच कारण दिलं होतं म्हाताऱ्याने.

तरी अबू रकान आज निर्धास्त होता. बाजार आटोपला की रोज फोनवर तालीम झाली होती, आणि शिकवणारी होती खुद्द रनीम! हो, जिला मागणी घालायची तीच. रेडिओवर बातम्या वाचणाऱ्यांचे आवाज तयार करायचे, हेच तिचं काम. "काका, बोलण्याआधी श्वास पार सोडून द्या. वाक्य संपताना सूर खाली आणा आणि तोंड मिटा. श्वास नाकाने आपोआप आत येतो, तुम्ही नका ओढू. आणि एक वाक्य एकाच माणसाला सांगायचं, सगळ्या बाजाराला नाही." तरी काकांची गाडी सुटायचीच. मग तिने हातात चहाचा ग्लास घ्यायला लावला. एक वाक्य, एक घोट. त्यातूनही घाई झाली की ती तिकडे ग्लासावर चमचा वाजवायची. हे सगळं ऐहमशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

अबू रकानने श्वास सोडला आणि हाज्जींकडे पाहिलं.

"हाज्जी, आज आम्ही तुमच्या दारात मागायला आलोय."

सूर खाली. तोंड बंद. त्याच्याच बाजूचे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. हा आपलाच अबू रकान ना?

मग त्याने मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. "तुमच्या घराचं नाव आम्ही आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकत आलोय."

वा! असं वाक्य त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. त्याने तोंड मिटलं, आणि इतक्या दिवसांची सवय झालेला हात सरळ पुढे गेला. कप उचलला. ओठांपाशी आणला.

"या अल्लाह!" मागून कुणीतरी पुटपुटलं. ऐहमचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात आतल्या खोलीत, पडद्याआड, चमचा वाजला. असा जोरात की ग्लास फुटलाच असेल.

अबू रकानचा हात जागच्या जागी थांबला. कपात काय आहे ते त्याला आत्ता दिसलं. माफ करा, सवय हो, चहा समजलो, तसं काही मनात नव्हतं, पोरगा चांगला आहे, असं सगळं एकदम घशाशी आलं, आणि ते बाहेर सुटलं असतं तर लग्न तिथेच बुडालं असतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

मग मिटलं. कप हळूच होता तिथे ठेवला. श्वास नाकाने आत आला. दोन्हीकडची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि त्याला, खरं सांगायचं तर, मजा वाटायला लागली. आजवर कुणी त्याच्या पुढच्या शब्दासाठी थांबलं नव्हतं.

"हाज्जी," तो म्हणाला, "ही कॉफी मला प्यायचीच आहे, हे आता सगळ्यांनी पाहिलं."

कुणीतरी हसलं. तो थांबला. हसू विरू दिलं.

"पण तुम्ही म्हणाल तेव्हाच पिईन. आमच्या ऐहमसाठी तुमची रनीम मागतो."

त्याने तोंड मिटलं. बोलायचं राहिलं नव्हतं.

मुलीच्या वडिलांनी घसा साफ केला. "मुलीची मर्जी विचारायची रीत आहे. आम्ही तिच्याशी बोलतो, मग काय ते..."

हाज्जींनी काठी उचलून त्यांना थांबवलं. म्हातारा बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग अबू रकानकडे वळला.

"मी घरी आलेल्या डॉक्टरसमोर भडाभडा बोलायला लागलो ना, की आमच्या घरात अस्साच चमचा वाजतो," तो म्हणाला. "वर म्हणते, वाक्य संपलं की तोंड मिटा, आजोबा! जीव नकोसा करते पोरगी."

पडद्याआड आता अगदी सामसूम होती.

"तिला काय विचारायचंय?" हाज्जी रनीमच्या वडिलांना म्हणाले. "मघापासून तीच तर बोलतेय. प्या, अबू रकान."